कृतज्ञता, पण कोणाप्रति? ख्रिस्ती उपकारस्तुतीवर संशोधन करण्याआधी

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसचं माझं पहिलं प्रेझेंटेशन. स्लाइडवर शीर्षक होतं, 'दैनंदिन ख्रिस्ती कृतज्ञता-साधनेचा मानसिक स्वास्थ्यावर होणारा परिणाम'. प्रश्नावली ठरली होती, नमुना ठरला होता, कोणती सांख्यिकी चाचणी लावायची तेही ठरलं होतं. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "कृतज्ञता, पण कोणाप्रति?" मी म्हणालो, "जनरल, मॅडम." सगळे हसले. मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "तुमच्या प्रश्नावलीतून 'ख्रिस्ती' हा शब्द काढून टाकला तर काय बदलेल?"

काहीच बदलत नव्हतं. म्हणजे मी एका साधनेचं नाव घेऊन भलतंच काहीतरी मोजायला निघालो होतो.

धर्म, अध्यात्म, परंपरा अशा विषयांवर संशोधन करू पाहणाऱ्यांकडून ही चूक फार सहज होते. म्हणून ती जरा उलगडून बघू. ख्रिस्ती माणूस रोज कृतज्ञता व्यक्त करतो तेव्हा तो नेमकं काय करतो, मानसशास्त्राने त्यातलं काय मोजलं, काय सुटलं आणि जे सुटलं ते महत्त्वाचं का आहे, एवढंच या लेखात बघायचं आहे.

सुरुवात शब्दापासून

मराठी बायबल वाचणाऱ्यांच्या तोंडी एक शब्द असतो, जो बाहेर फारसा ऐकू येत नाही: उपकारस्तुती. मूळ ग्रीक शब्द 'युखारिस्तिया'. त्यातल्या 'खारिस'चा अर्थ कृपा. प्रभुभोजनाच्या किंवा मिस्साच्या विधीला जगभर जे 'युकॅरिस्ट' नाव आहे ते याच शब्दावरून आलं. म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी जो विधी आहे, त्याचं नावच मुळी आभार मानणं असं आहे.

आता आपले तीन शब्द शेजारी ठेवा. 'कृतज्ञता' म्हणजे केलेलं जाणणं. यात जाणीव आहे, पण ती मनातल्या मनात राहू शकते. 'आभार' हा शब्द आपण सभेच्या शेवटी, रिक्षावाल्याला, ईमेलच्या तळाशी, सगळीकडे वापरतो. 'उपकारस्तुती'त मात्र दोन गोष्टी बांधलेल्या आहेत. उपकार कोणता ते ओळखायचं आणि तो करणाऱ्याची स्तुती करायची. स्तुती म्हटली की ती कोणाची तरी असते, समोर कोणी तरी लागतंच. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर शब्दातच होतं, मी नीट बघितलं नव्हतं.

त्यात आणखी एक गुंता आहे. बोलीभाषेत 'उपकार' हा शब्द जड आहे. आपण 'उपकाराचं ओझं' म्हणतो, 'उपकार फेडले' म्हणतो, आणि चिडलो की 'मोठे उपकार केलेस!' असंही म्हणतो. मानसशास्त्रात कृतज्ञता आणि ऋणाची जाणीव या दोन वेगळ्या भावना मानतात. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात असं दिसलं की देणाऱ्याला परतफेडीची जितकी अपेक्षा आहे असं वाटतं, तितकी ऋणाची जाणीव वाढते आणि कृतज्ञता कमी होते. ख्रिस्ती शिकवणीत देवाची कृपा ही कमावलेली नसते आणि फेडायचीही नसते. त्यामुळे उपकारस्तुतीत फेडीचा हिशेब असायला नको, निदान तत्त्व म्हणून. प्रत्यक्षात भक्ताच्या मनात काय असतं? हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. इंग्रजी प्रश्नावली घाईघाईने मराठीत आणून त्यात 'उपकार' शब्द घातलात, तर तुम्ही कृतज्ञता मोजताय की ओझं, हे तुमचं तुम्हालाही कळणार नाही.

साधना म्हणून करतात काय?

'रोज देवाचे आभार माना' एवढं म्हटल्याने साधना होत नाही. साधनेला वेळ लागते, क्रम लागतो, आणि मन लागत नसेल त्या दिवशीही बसावं लागतं. ख्रिस्ती परंपरेत याचे अनेक प्रकार आहेत. मी इथे एकच घेतो, कारण त्याचा क्रम लिहून ठेवलेला आहे.

इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला सैनिक. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत त्याच्या पायाला तोफगोळा लागला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचं मन पालटलं, आणि पुढे मानरेसा इथल्या वास्तव्यापासून तो स्वतःच्या साधनेची टिपणं काढू लागला. त्यातून तयार झालेलं 'स्पिरिच्युअल एक्झरसाइजेस' हे पुस्तक, म्हणजे आध्यात्मिक सरावांची पुस्तिका. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये त्याला मान्यता दिली. यात 'एक्झामेन' नावाचं दैनंदिन आत्मपरीक्षण आहे. पायऱ्या पाच:

१. मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानणे.
२. स्वतःच्या चुका ओळखता याव्यात म्हणून कृपा मागणे.
३. दिवसाचा तासातासाने आढावा घेणे: विचार, शब्द, कृती.
४. चुकांबद्दल क्षमा मागणे.
५. उद्या काय सुधारायचं ते ठरवणे.

क्रम बघा. चुका शोधायला बसायच्या आधी आभार. आपल्याला वाटेल, हे सौजन्य म्हणून असेल, पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहितो तसं. तसं नाही. इग्नेशियसने १५४२ च्या एका पत्रात कृतघ्नता हीच सगळ्या पापांचं मूळ आहे, अशा अर्थाचं लिहिलं आहे. मिळालेलं ओळखता आलं नाही तर चूक कशाच्या विरुद्ध झाली हेही ओळखता येणार नाही, असा त्यामागचा तर्क दिसतो. म्हणजे आभार हा नंतर येणाऱ्या परीक्षणाचा पाया आहे.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याची. इग्नेशियसने स्थापन केलेल्या येशूसंघात, म्हणजे जेज्वीट संघात, शिकणाऱ्या तरुणांना लांबलचक प्रार्थना करू देत नसत, कारण त्यामुळे अभ्यास मागे पडतो. पण त्या कमी केलेल्या वेळेतही आत्मपरीक्षण दिवसातून दोनदा ठेवलं होतं. बाकी कमी करा, हे राहू द्या. मूळचे इंग्लंडचे, १५७९ मध्ये गोव्याला आलेले आणि मराठीत 'क्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे. त्यामुळे आपल्या भाषेच्या इतिहासाशीही या शिस्तीचा दुरून का होईना, संबंध आहे.

मानसशास्त्राने काय मोजलं?

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. कृतज्ञतेवरचा लिटरेचर रिव्ह्यू करायला घेतलात की एक पेपर हमखास समोर येतो: रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कलो, २००३. त्यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने गेल्या आठवड्यातल्या आभार मानावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या घटना. दुसऱ्या अभ्यासात हेच काम रोज करायला दिलं. तिसरा अभ्यास मज्जातंतू-स्नायूंचे आजार असलेल्या प्रौढांवर, २१ दिवसांचा. आभार लिहिणाऱ्यांना आपल्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं, आणि तिसऱ्या अभ्यासात त्यांनी झोपही चांगली लागल्याचं सांगितलं. पुढे निघालेल्या 'ग्रॅटिट्यूड जर्नल'च्या वह्या आणि अ‍ॅप्स याच संशोधनाचा आधार सांगतात.

संशोधक म्हणून इथे थांबा आणि विचारा: कोणाच्या तुलनेत बरं वाटलं? कटकटी लिहिणाऱ्यांच्या तुलनेत फरक दिसतो हे खरं, पण कटकटी लिहून माणूस खाली जात असेल तर? मग तो फरक आभाराने वर गेल्याचा की कटकटींनी खाली गेल्याचा? नियंत्रण गट कसा निवडलाय यावर निष्कर्षाचं वजन ठरतं. डॉन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये केलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये हेच पुढे आलं. काहीच न करणाऱ्या गटाशी तुलना केली तर कृतज्ञतेचे उपक्रम परिणामकारक दिसतात, पण दुसरा एखादा अर्थपूर्ण उपक्रम करणाऱ्या गटाशी तुलना केली की फायदा बराच आकसतो. क्रेग आणि चीव्हन्स यांनी २०२० मध्ये नैराश्य आणि चिंता यांवरचे २७ अभ्यास एकत्र तपासले, तिथेही परिणाम लहानच निघाला.

याचा अर्थ कृतज्ञता निरुपयोगी आहे असा नाही. यादी लिहिणं म्हणजे जादू नव्हे, एवढाच अर्थ आहे. आणि आपल्या विषयासाठी त्याहून मोठा मुद्दा असा की यादी लिहिणं म्हणजे एक्झामेन नव्हे. यादीत पहिली पायरी आहे, तीही अर्धी. ती कोणाला उद्देशून नाही. पुढच्या चार पायऱ्यांचा पत्ताच नाही.

'कोणाला उद्देशून' याने फरक पडतो का, हे काही जणांनी तपासलं आहे. डेव्हिड रोझमरिन आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात सर्वसाधारण कृतज्ञता आणि देवाप्रति कृतज्ञता वेगवेगळी मोजली. देवाप्रति कृतज्ञतेचा मानसिक स्वास्थ्याशी संबंध सर्वसाधारण कृतज्ञतेच्या वरचढ, म्हणजे तिच्यात भर घालणारा दिसला. पण हा सहसंबंधाचा अभ्यास आहे, कार्यकारणाचा नाही. नॅथॅनिएल लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वेगळ्या बाजूने प्रयोग केला. काही आठवडे रोज प्रार्थना केल्याने कृतज्ञता वाढते का, हे त्यांनी बघितलं, आणि वाढते असं त्यांना आढळलं. म्हणजे दार किलकिलं झालंय. आत जायचं काम अजून बाकी आहे.

सगळ्यात अवघड जागा: तक्रार

इथे विषय नुसता अभ्यासाचा राहत नाही.

'सगळ्याबद्दल आभार मान' हे वाक्य कोण कोणाला म्हणतंय यावर त्याचा अर्थ बदलतो. आजारी माणूस स्वतःशी म्हणेल तर ती साधना असू शकते. मालक पगार थकलेल्या कामगाराला म्हणेल, किंवा सासरचे मार खाणाऱ्या सुनेला म्हणतील, तर ते तोंड बंद करणं आहे. कृतज्ञतेच्या सहा विधानांच्या प्रसिद्ध प्रश्नावलीवर, 'जीक्यू-६'वर, त्या सुनेला कदाचित भरपूर गुण मिळतील. कारण तक्रार करायची तिला सोयच नाही. जास्त गुण म्हणजे खोल साधना, असं धरून चाललात तर तुमचा प्रबंध तिच्यावरच्या अन्यायाला आकडेवारीचं सर्टिफिकेट देईल. संशोधनात व्याख्या सैल ठेवली की त्याची किंमत अशी दुसरंच कोणीतरी मोजतं.

मग ख्रिस्ती परंपरा स्वतः काय म्हणते? पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात उपकारस्तुतीची आज्ञा आहे, आणि तिथे ग्रीक शब्दप्रयोग 'सर्व स्थितींत' असा आहे. अनेक प्रवचनकार यावर बोट ठेवतात: स्थिती'त' आभार माना, स्थिती'बद्दल' नव्हे. मलाही हे फार आवडलं होतं, सिनॉप्सिसमध्ये घातलंही होतं. पण इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात 'सर्व गोष्टींबद्दल' असाच अर्थ निघेल असा प्रयोग आहे. सोयीचं वचन घ्यायचं आणि गैरसोयीचं झाकायचं, हे संशोधनात चालत नाही. दोन्ही समोर ठेवा आणि मग बघा, परंपरा या ताणाचं काय करते.

ती स्तोत्रसंहितेकडे वळते. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. १३ वं स्तोत्र देवाला 'अजून किती काळ' असं पुन्हा पुन्हा विचारत सुरू होतं आणि गाण्यात संपतं. ८८ वं मात्र अंधारातच संपतं, तिथे शेवटी आभार येतच नाहीत. तरीही ते उपासनेच्या पुस्तकात आहे, कोणी काढून टाकलं नाही. वॉल्टर ब्रूगमन या जुन्या कराराच्या अभ्यासकाने १९८६ च्या एका निबंधात मांडलं की विलाप उपासनेतून गेला की न्यायाचा प्रश्न विचारायची जागाही जाते, आणि उरते ती नुसती होला हो.

दुसऱ्या बाजूला, ज्या रात्री येशूला धरून दिलं त्याच रात्री त्याने भाकर घेऊन आभार मानले, असं पौल नोंदवतो. आणि वधस्तंभावर, मत्तय सांगतो तसं, २२ व्या स्तोत्रातला आक्रोश त्याच्याच तोंडी येतो. आभार आणि आक्रोश एकाच माणसाच्या, एकाच देवाला उद्देशून केलेल्या बोलण्यात आहेत. समोर कोणी असेल तर दोन्ही शक्य आहेत. घरात आईशी आपण भांडतो आणि तिच्याच हातचं जेवतो, तसं. यादीशी भांडता येत नाही.

माझ्या दृष्टीने हा सगळ्याचा गाभा आहे: ख्रिस्ती उपकारस्तुती ही भावना नाही आणि यादीही नाही, ते एका नात्यातलं रोजचं बोलणं आहे. त्या बोलण्यात तक्रारीला जागा असेल, तरच आभार खरे.

मग अभ्यास कसा आखायचा?

माझ्या दुसऱ्या सिनॉप्सिसमध्ये जे बदललं ते थोडक्यात सांगतो. तुमचा विषय नमाज असो, वारी असो की विपश्यना, यातलं बरंचसं लागू पडेल.

*आधी वर्णन, मग मोजमाप.* साधना करणाऱ्या दहा-बारा जणांना 'तुम्ही कृतज्ञ आहात का?' असं विचारू नका. 'काल रात्री प्रार्थनेत काय काय म्हणालात, क्रमाने सांगाल का?' असं विचारा. वसईतल्या कॅथलिक घरातली संध्याकाळची प्रार्थना आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रोटेस्टंट कुटुंबाची प्रार्थना यांचा साचा सारखा नसणार. दोन्हीला एकच नाव देऊन एकत्र मिसळू नका.

*कार्यात्मक व्याख्येत आतल्या लोकांचे निकष घ्या.* डायऱ्या किंवा मुलाखती कोड करताना मी चार गोष्टी बघायचं ठरवलं: बोलणं कोणाला उद्देशून आहे, उपकार नेमका सांगितलाय की मोघम ('सगळ्यासाठी धन्यवाद'), तक्रार आहे का, आणि उद्यासाठी काही ठरवलंय का. दोन जणांनी स्वतंत्रपणे कोडिंग करायचं आणि त्यांचं किती जुळतं ते तपासायचं.

*तुलना न्याय्य ठेवा.* नुसती यादी, देवाला उद्देशून यादी, पूर्ण पाच पायऱ्या, आणि दिवसातल्या साध्या घटना लिहिणारा गट. चौथा गट कटकटींचा नको, कारण वर पाहिलं. आणि कुठल्याही गटाला 'महिनाभर प्रार्थना बंद ठेवा' असं सांगू नका. ते नैतिक समितीत टिकणार नाही, आणि टिकू नयेच. ज्यांची आधीपासून रोजची प्रार्थना आहे, त्यांची नोंद वेगळी ठेवा.

*परिणाम कोणता मोजताय?* एक्झामेनची पाचवी पायरी सुधारणेची आहे, बरं वाटण्याची नाही. मग फक्त आनंदाचं मोजमाप का? कोणाची माफी मागितली का, कोणाला मदत केली का, राग आवरला का, हे विचारा. आनंदाच्या मापनात परिणाम शून्य आला म्हणून साधना फसली असं होत नाही, कारण साधकाने ती त्यासाठी केलेलीच नव्हती. उलट आनंद वाढला म्हणून देव आहे असंही सिद्ध होत नाही. तुमच्या प्रबंधाचं ते काम नाही. माणसं काय करतात आणि त्यातून काय घडतं, एवढंच आपल्या हातात आहे.

*भाषा तपासा.* 'कृतज्ञ', 'आभारी', 'ऋणी', 'उपकार' यांपैकी कोणता शब्द वापरायचा हे मार्गदर्शकाच्या केबिनमध्ये ठरत नाही. उलट-अनुवाद करून घ्या, पायलटमध्ये लोकांना मोठ्याने विचार करत उत्तरं द्यायला सांगा. एखाद्या आजी 'उपकार' शब्दावर थबकल्या, तर ती थबकणं हा तुमचा डेटा आहे.

शेवटी

बरेच जण विचारतात, अभ्यासकाने स्वतः ही साधना करून बघावी का? सक्ती नाही. श्रद्धा नसेल तर देखावा तर अजिबात नको. पण एक प्रयोग कुणालाही जमेल. आठ दिवस रोज रात्री दहा मिनिटं बसा. आधी दिवसात काय काय मिळालं ते नेमकं आठवा, मग तासातासाने दिवस उलटा-सुलटा बघा, आणि शेवटी उद्यासाठी एकच गोष्ट ठरवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येईल. पाचव्या दिवशी यादीत तेच तेच येईल. तिथे थांबलात तर कळेल की यादी का अपुरी पडते, आणि तरीही शतकानुशतकं माणसं रोज या जागी परत का येऊन बसतात हा प्रश्न तुमच्यासाठी खरा होईल.

समितीतल्या मॅडमचा प्रश्न मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. प्रत्येक नवं साधन, प्रत्येक नवी प्रश्नावली समोर आली की आधी तो वाचतो: पण कोणाप्रति?